उघड्या डोळ्यांची झोप

माशाला पापणी नसते. संस्कृतात माशाला ‘अनिमिष’ असे एक नाव आहे. ज्याचे डोळे मिटत नाहीत तो. याच नावाने देवांनाही ओळखतात. ज्याचे डोळे कधीच मिटत नाहीत, तो झोपतो की नाही हे कसे ठरवावे? त्याच्या डोळ्यांकडे पाहून काहीच कळणार नाही, आणि त्याला विचारण्याची तर सोयच नाही. शीत रक्ताच्या प्राण्यांच्या झोपेविषयीचा हा प्रश्न प्रथम पद्धतशीरपणे विचारणारा आणि त्याचे बऱ्याच अंशी बरोबर उत्तर देणारा मनुष्य सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी होऊन गेला. तर्कशास्त्राचा जनक आणि सिकंदराचा गुरू म्हणून ॲरिस्टॉटल आपल्याला शाळेपासून माहीत असतो. गुडघाभर पाण्यातल्या माशांकडे टक लावून पाहणारा आणि कोळ्यांशी बोलत बसणारा ॲरिस्टॉटल मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो.

त्याचा जन्म इ.स.पू. ३८४ मध्ये ग्रीसच्या उत्तरेकडील कॅल्सिडिसी द्वीपकल्पातील स्टॅगिरा या लहानशा गावी झाला. वडील निकोमॅकस हे मॅसिडोनियाच्या अमिंटास राजाचे वैद्य. त्या काळी वैद्यकी बहुधा बापाकडून मुलाकडे जात असे, त्यामुळे शरीर उघडून पाहण्याची, रोग्याच्या श्वासाकडे आणि नजरेकडे लक्ष देण्याची शिस्त या मुलाच्या कानांवर लहानपणीच पडली असावी. आईवडील मात्र लवकर गेले आणि प्रॉक्सेनस नावाच्या पालकाने त्याला वाढवले. सतराव्या-अठराव्या वर्षी तो अथेन्सला प्लेटोच्या अकादमीत शिकायला गेला आणि वीस वर्षे तेथेच राहिला.

अथेन्समधील त्याची कायदेशीर स्थिती परदेशात राहणाऱ्या वाचकाला विशेष परिचयाची वाटेल. तो तेथे ‘मेटिक’ होता, म्हणजे परक्या गावाहून येऊन स्थायिक झालेला रहिवासी. मेटिकाला अथेन्समध्ये राहता येई, धंदा करता येई, लढाईच्या वेळी सैन्यातही जावे लागे. पण मतदान नाही, सभेत बोलण्याचा हक्क नाही, घर किंवा जमीन विकत घेता येत नाही. वर्षाला बारा द्राख्मांचा निवासी कर भरायचा आणि एखाद्या अथेनियन नागरिकाला आपला पुरस्कर्ता म्हणून दाखवायचे. ॲरिस्टॉटलच्या बुद्धीचे कौतुक सगळ्या शहरात होते, तरी या वर्गातून तो आयुष्यभर बाहेर पडला नाही. त्याच्या गावचा राजदरबाराशी असलेला संबंध, आणि मॅसिडोनिया व अथेन्स यांचे दिवसेंदिवस बिघडत चाललेले नाते, हे ओझे होते ते वेगळेच.

इ.स.पू. ३४७ मध्ये प्लेटो वारला. अकादमीची धुरा प्लेटोचा भाचा स्प्यूसिपस याच्याकडे गेली. ॲरिस्टॉटलने अथेन्स सोडले. डावलले गेल्याचे दुःख, की मॅसिडोनियाविरुद्ध तापलेली हवा, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. दोन्ही कारणे असण्यास हरकत नसावी. त्याच्या आयुष्यातली ही पडझड जीवशास्त्राच्या मात्र पथ्यावर पडली. तो एजियन समुद्र ओलांडून आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील ॲसॉस येथे गेला. तेथील सत्ताधीश हर्मायस त्याचा स्नेही होता. त्याच्याच नात्यातल्या पिथियास हिच्याशी ॲरिस्टॉटलचे लग्न झाले. दोन-तीन वर्षांनी, इ.स.पू. ३४५ च्या सुमारास, तो समोरच्या लेस्बॉस बेटावर राहावयास गेला. त्याचा तरुण सहकारी थिओफ्रॅस्टस हा या बेटाचाच.

लेस्बॉसच्या मध्यभागी समुद्र एका अरुंद तोंडातून आत घुसून मोठे, उथळ खारे सरोवर बनवतो. आज त्याला कॅलोनीचे आखात म्हणतात; त्या काळी त्याच्या काठी पिऱ्हा नावाचे नगर होते. ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथांत या पिऱ्हाच्या पाण्याचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. हिवाळ्यात आतले पाणी बाहेरच्या समुद्राहून थंड होते म्हणून मासे बाहेर निघून जातात आणि वसंतात परततात, हे त्याने टिपले आहे. तळ खरवडणाऱ्या जाळ्यांमुळे आणि अवर्षणामुळे तेथील एक जातीचे शिंपले नाहीसे झाले, अशीही नोंद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी डार्सी थॉम्पसन या स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करताना याच स्थलनामांवरून दाखवून दिले, की ॲरिस्टॉटलच्या समुद्री निरीक्षणांचा बराच मोठा भाग या बेटाच्या आसपासचा असला पाहिजे. पाचशेहून अधिक प्रकारचे प्राणी त्याच्या लिखाणात येतात. त्यांतले कितीतरी त्याने स्वतः चिरून पाहिले होते आणि बाकीच्यांविषयी कोळी, मधपाळ, शिकारी, गुराखी यांना विचारले होते. तत्त्वज्ञाने कोळ्याला प्रश्न विचारावा ही गोष्ट त्या काळी प्रतिष्ठेची समजली जात नसे. आजही प्रत्येक ठिकाणी समजली जाते असे नाही.

आता झोपेकडे वळू. ‘प्राण्यांचा इतिहास’ या त्याच्या मोठ्या ग्रंथाच्या चौथ्या भागात शेवटी-शेवटी एक छोटे प्रकरण आहे. चार पायांचे, रक्त असलेले प्राणी झोपतात हे उघडच दिसते, तेव्हा त्यावर तो वेळ घालवत नाही. मासे, माकूल आणि अष्टपाद यांच्यासारखे मऊ शरीराचे प्राणी, शेवंडीसारखे कवचधारी, आणि कीटक यांच्यापाशी तो थांबतो. यांच्या डोळ्यांवरून काही कळणार नाही, हे तो आधीच सांगतो आणि मग पुरावे एकावर एक रचत जातो.

मासा कधीकधी इतका निश्चल असतो की त्याला नकळत हाताने धरता येते किंवा त्याच्यावर घाव घालता येतो. अशा वेळी त्याची शेपटी तेवढी किंचित हलत असते. त्याला धक्का लागला तर तो ज्या रीतीने दचकून हलतो, ती रीत एकाएकी जागे झालेल्या प्राण्याची असते. रात्री मशालीच्या उजेडात मासे पकडता येतात. कुपा माशाच्या शिकारीत टेहळणी करणारे लोक झोपलेल्या थव्याभोवती जाळे फिरवतात. मासे निपचित असतात आणि त्यांची पोटाकडची पांढरी बाजू चमकत असते, यावरून ते झोपले आहेत हे कळते. बहुतेक मासे तळाशी, वाळूला किंवा दगडाला लागून, नाहीतर कपारीत झोपतात. आपल्या लेप्यासारखे चपटे मासे वाळूत शिरून झोपतात आणि वाळूवर उमटलेल्या आकृतीवरून कोळी त्यांना ओळखून काट्यांच्या भाल्याने टिपतात. मुशी आणि पाकट यांच्या जातीचे मासे तर कधी इतके गाढ झोपतात की हातानेच उचलावेत.

डॉल्फिन झोपताना डोक्यावरचे श्वासछिद्र पाण्यावर ठेवतो आणि पर हळूहळू हलवत राहतो, हेही तेथेच आहे. काही खलाशांनी डॉल्फिनचे घोरणे ऐकल्याचे सांगितले, असे तो लिहितो. स्वतः ऐकले असे म्हणत नाही. हा फरक तो सहसा पाळतो, आणि त्याचे प्राणिग्रंथ वाचताना त्याच्यावर विश्वास बसतो तो यामुळेच.

कीटकांविषयीचे त्याचे निरीक्षण मला या प्रकरणातील सर्वांत सुंदर वाटते. मधमाश्या रात्री स्थिर होतात आणि त्यांची गुणगुण थांबते. पण येथे एक आक्षेप निघू शकतो: कीटकांना अंधारात नीट दिसत नाही म्हणून ते हलत नसतील, त्याला झोप कशाला म्हणावे? आक्षेप त्याने स्वतःच काढला आणि स्वतःच तपासला. त्यांच्यासमोर पेटता दिवा आणला तरी ते तसेच पडून राहतात, असे त्याने नोंदवले. आजच्या भाषेत बोलायचे तर हा नियंत्रित प्रयोगच झाला. हालचाल थांबण्याची दोन संभाव्य कारणे होती. त्यांतले एक दूर करून दुसरे उरते का हे त्याने पाहिले.

विसाव्या शतकात मेंदूतील विद्युत्‌लहरी मोजण्याची सोय झाली, तेव्हा काही काळ झोप म्हणजे त्या लहरींचा एक विशिष्ट आराखडा अशीच समजूत होऊन बसली. माशांचा, सरड्यांचा, माश्यांचा मेंदू आपल्यासारखा नाही, तेव्हा त्यांची झोप खरी झोप नव्हे, केवळ विश्रांती होय, असे अनेक जण म्हणत. शीत रक्ताच्या प्राण्यांची झोप मोजण्यासाठी मग पुन्हा वर्तनाच्या कसोट्यांकडे यावे लागले. प्राणी निश्चल आहे का, ठरावीक जागी किंवा ठरावीक अंगस्थितीत आहे का, त्याला जागे करण्यास नेहमीपेक्षा मोठी चेतना लागते का, आणि जागे केल्यावर तो चटकन पूर्ववत होतो का? ही यादी घेऊन वरचा माशांचा परिच्छेद पुन्हा वाचावा. तळाशी दगडाला लागून पडणे, जाळे टाकले तरी न हलणे, धक्का लागताच दचकून उठणे, सगळे तेथे आहे. आधुनिकांनी त्यात एका महत्त्वाच्या कसोटीची भर घातली: झोप मोडली तर प्राणी पुढे ती भरून काढतो का? हे पाहायला रात्रभर माशाला जागे ठेवणे आले, आणि ती युक्ती ॲरिस्टॉटलला सुचली नाही.

या कसोट्यांवर १९८३ मध्ये मधमाशीची झोप प्रयोगशाळेत सिद्ध झाली; झोपलेल्या माशीच्या शृंगिका खाली लोंबतात आणि शरीराचे तापमान उतरते. २००० मध्ये फळमाशीची पाळी आली, आणि जागरण घडवल्यास ती दुसऱ्या दिवशी जास्त झोपते हे कळले. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील दाढीवाल्या सरड्याच्या मेंदूत सस्तन प्राण्यांप्रमाणेच झोपेच्या दोन आलटून-पालटून येणाऱ्या अवस्था आढळल्या. अष्टपाद झोपेत मध्येच रंग बदलतो आणि त्या वेळी त्याच्या मेंदूतील हालचाल जागेपणीसारखी दिसते, हे अलीकडचे. २०१७ मध्ये तर मेंदूच नसलेली, समुद्रतळावर उताणी पडून राहणारी एक जेलीफिश रात्री झोपते असे दिसून आले. डॉल्फिनच्या मेंदूचा एक-एक अर्धा भाग पाळीपाळीने झोपतो, म्हणून पाण्याच्या पृष्ठाशी राहून श्वास घेणे त्याला जमते. खलाशांच्या घोरण्याच्या कथेचे काय करायचे ते वाचकांनी ठरवावे.

ॲरिस्टॉटलचे सगळेच बरोबर होते असे मात्र समजू नये. झोप का येते, याचे त्याने ‘निद्रा आणि जागृती’ या छोट्या ग्रंथात दिलेले स्पष्टीकरण साफ चुकलेले आहे. त्याच्या मते संवेदनेचे केंद्र हृदय होते आणि मेंदू हा रक्ताची उष्णता उतरवणारा थंड अवयव. अन्न पचताना त्याची ऊष्ण वाफ वर डोक्याकडे चढते, मेंदूपाशी थंड होऊन जड होते, परत खाली उतरते आणि हृदयाभोवतीची उष्णता आत ढकलते. त्याने झोप येते. जेवणानंतर डोके जड का होते, तान्ही मुले इतकी का झोपतात, मद्य आणि अफू यांनी गुंगी का येते, हे सगळे त्याने या एका यंत्रणेत बसवले. यंत्रणा दिसायला देखणी आहे. पण अडचण उघड आहे: माशाजवळ उष्णता ती किती, आणि कीटकाजवळ तर, त्याच्या व्याख्येप्रमाणे, रक्तच नाही. मग त्यांना झोप येते ती कोणत्या वाफेने? ज्यांना हृदय नाही त्यांच्यात हृदयासारखे काम करणारा दुसरा भाग असतो, असे सांगून तो पुढे सरकतो. हे उत्तर लंगडे आहे. तरीही त्याने सिद्धांताच्या सोयीसाठी मासे झोपत नाहीत असे लिहिले नाही. शीत प्राण्यांची झोप त्याच्या उष्ण सिद्धांतात नीट बसत नव्हती, आणि तरी त्याने ती लिहून ठेवली. शिंपल्यांसारख्या प्राण्यांविषयी तर त्याने सरळ कबूल केले आहे, की ते झोपतात हे अजून कोणी प्रत्यक्ष पाहिलेले नाही.

त्याचा मूळ युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. जागे असणे म्हणजे संवेदना चालू असणे. कोणतेही सामर्थ्य अखंड काम करू शकत नाही, त्याला थकवा येतो; म्हणून ज्याला संवेदना आहे त्याला झोप असलीच पाहिजे. वनस्पतींना संवेदना नाही, म्हणून त्यांना झोपही नाही आणि जागही नाही. झोप प्राण्याच्या रक्षणासाठी असते. स्वप्ने देव पाठवतो ही समजूत त्याने मोडीत काढली, आणि त्यासाठी दिलेल्या कारणांपैकी एक मोठे मजेशीर आहे: कुत्रेही झोपेत भुंकतात, म्हणजे स्वप्न पाहतात, देव कुत्र्यांना संदेश धाडत असेल असे मानणे कठीण. आपल्याकडे उपनिषदांनी जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती यांचा विचार केला तो आतून, अनुभवणाऱ्याच्या बाजूने. हा मनुष्य त्याच अवस्थांकडे बाहेरून, काठावर उभा राहून पाहत होता.

लेस्बॉसचे दिवस फार टिकले नाहीत. इ.स.पू. ३४३ च्या सुमारास मॅसिडोनियाच्या फिलिप राजाने त्याला आपल्या तेरा वर्षांच्या मुलाचा शिक्षक म्हणून बोलावले. याच फिलिपने पाच वर्षांपूर्वी स्टॅगिरा उद्ध्वस्त केले होते. पुढे ते पुन्हा वसवले गेले ते ॲरिस्टॉटलच्या शब्दाखातर, असे सांगतात. शिष्य सिकंदराने गुरूसाठी हजारो कोळी आणि शिकारी कामाला लावले, ही प्लिनीने दिलेली हकीकत मात्र फारशी विश्वसनीय नाही. ज्या प्राण्यांचे वर्णन सर्वांत बारकाईने आले आहे ते एजियनचे आहेत, इराण-हिंदुस्थानचे नव्हेत. याच सुमारास हर्मायस इराण्यांच्या हाती सापडला आणि मारला गेला. ॲरिस्टॉटलने त्याच्यावर एक स्तुतिगीत रचले. ते गीत त्याला पुढे फार महागात पडले.

इ.स.पू. ३३५ मध्ये तो अथेन्सला परतला आणि लायसियम येथे शिकवू लागला. जागा सार्वजनिक होती. इमारती भाड्याने घेतलेल्या असाव्यात, कारण मेटिकाच्या नावावर काहीच होऊ शकत नव्हते. (त्याच्यानंतर थिओफ्रॅस्टसला बाग मिळाली तीही एका वजनदार शिष्याच्या मध्यस्थीने.) बारा वर्षे त्याने तेथे व्याख्याने दिली, नोंदी जमवल्या, शिष्यांना कामाला लावले. या काळातील त्याच्या राहणीविषयी चरित्रकार डायोजिनीस लाएर्टियसने, पाच शतकांहून अधिक काळ लोटल्यावर, एक गोष्ट नोंदवली आहे. ॲरिस्टॉटल झोपताना हातात पितळेचा गोळा धरी आणि खाली भांडे ठेवी; गाढ झोप लागताच गोळा निसटून भांड्यात पडे आणि त्या आवाजाने तो जागा होई. गोष्ट खरी असो वा नसो, झोपेत पकड सैल होते हे तिच्या कर्त्याला चांगलेच ठाऊक होते.

त्याचा नातलग कॅलिस्थेनीस हा सिकंदराबरोबर इतिहासलेखक म्हणून मोहिमेवर गेला होता. राजापुढे लोटांगण घालण्याच्या इराणी प्रथेला त्याने विरोध केला, त्याच्यावर कटाचा आरोप आला आणि इ.स.पू. ३२७ मध्ये तो सिकंदराच्या कैदेत संपला. गुरुशिष्यांत त्यानंतर काय उरले असेल, याची कल्पना करता येते. अथेन्सच्या लोकांना मात्र हे बारकावे दिसत नव्हते. त्यांच्या दृष्टीने तो मॅसिडोनियाचा माणूस होता.

इ.स.पू. ३२३ च्या उन्हाळ्यात सिकंदर बाबिलोनमध्ये वारल्याची बातमी आली आणि अथेन्समध्ये मॅसिडोनियाविरोधी लाट उसळली. वीस वर्षांपूर्वी मित्रासाठी रचलेले गीत आता पुरावा ठरले: मर्त्य माणसाला देवाचा मान दिला, म्हणून पाखंडाचा आरोप ठेवण्यात आला. याच आरोपावरून याच शहराने सॉक्रेटिसला विष पाजले होते. एकसष्ट वर्षांचा ॲरिस्टॉटल खटल्याला थांबला नाही. आयुष्याची तीसहून अधिक वर्षे ज्या शहरात काढली ते सोडून तो यूबिया बेटावरील कॅल्सिस येथे, आईच्या माहेरच्या घरी गेला. पुढच्याच वर्षी पोटाच्या विकाराने तेथे त्याचा अंत झाला.

त्याचे मृत्युपत्र डायोजिनीसने जतन केले आहे. गुलामगिरी नैसर्गिक आहे असे प्रतिपादन करणाऱ्या या माणसाने त्यात आपल्या काही गुलामांना मुक्त केले आहे, आणि जी मुले त्याच्या सेवेत आहेत त्यांना विकू नये, वयात आल्यावर योग्यतेप्रमाणे मोकळे करावे, असे लिहिले आहे. पिथियासच्या मृत्यूनंतर जिच्याबरोबर तो राहिला त्या हर्पिलिसला कॅल्सिसचे किंवा स्टॅगिराचे घर, जे तिला हवे ते, द्यावे आणि त्यात सामान भरून द्यावे, अशी सूचना आहे. अथेन्समध्ये त्याच्या नावावर घरच नव्हते, तेव्हा तेथील घराचा उल्लेख येण्याचा प्रश्न नव्हता. आपल्याला कोठे पुरावे याविषयी त्याचा आग्रह दिसत नाही. जेथे कोठे पुराल तेथे पिथियासच्या अस्थी आणून शेजारी ठेवाव्यात, तशी तिची इच्छा होती, एवढे मात्र त्याने नमूद केले आहे.